पांढरी शेपटीची की पिवळी बांडी

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठल्याही गोष्टीच्या सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मध्येच थांबून सांगावं लागत नाही. बी.कॉम., तेही वैशाखऱ्याच्या पलीकडून रोज मुरबाडला एसटीने जाऊन-येऊन. आता शहापूरला एका पतसंस्थेत नोकरी करते आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवते. यातली नोकरी गावाला समजते. गिटार समजावून सांगावी लागते.

वाजवायला शिकले कॉलेजात, मैत्रिणीच्या गिटारीवर. तिची गिटार मोठी आणि माझे हात आईवर गेलेले: पंजा लहान, बोटं आखूड. भात लावायला एक नंबर हात. पण गिटारीच्या लांब मानेवर करंगळी हवी तिथे पोचायचीच नाही. म्हणून नोकरी पक्की झाल्यावर मी आखूड मानेची गिटार घ्यायचं ठरवलं. तिच्या तारा नेहमीपेक्षा आखूड, त्यामुळे बोटं ठेवायची घरं जवळजवळ. पूर्वी नवशिक्यांसाठी अशा गिटारी करायचे, आता त्याच जुन्या धाटणीच्या पुन्हा निघाल्यात. निमित्तही होतं. धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला गावच्या बँजो पार्टीबरोबर मी वाजवणार, असं मी कोणी न विचारताच जाहीर केलं होतं.

कल्याणच्या दुकानात जायचं तर बाबा म्हणाले, "मी येतो." आमच्याकडे बैल घ्यायला कोणी एकटं जात नाही आणि बाबा त्यातले जाणकार. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत लोक त्यांना मुद्दाम बरोबर नेतात.

"बाबा, बैल नाय घ्यायचा. गिटार घ्यायचीय."

"मंग? दाम देऊन दावणीला आणायची ना?"

दुकानात त्या गिटारीचे दोन प्रकार होते. एक पांढरीशुभ्र, चकाकी नसलेल्या रंगाची. तिच्या बुडाशी एक धातूची दांडी. ती दाबली की सूर डुलतो. दुसरी तशीच, पण बिनदांडीची आणि मुद्दाम पिवळट केलेली. जुन्या पांढऱ्या गिटारी वर्षानुवर्षं वापरून पिवळ्या पडतात म्हणे, आणि लोकांना तेच आवडतं, म्हणून कंपनी ती नवीनच जुनी करून विकते. रंग कढवलेल्या लोण्यासारखा. कडा जरा झिजवलेल्या. भावात फारसा फरक नव्हता, त्यामुळे ती पळवाटही बंद.

बाबांनी दोन्ही गिटारी खाली सतरंजीवर ठेवायला लावल्या आणि त्यांच्याभोवती फेरी मारली. या गिटारीच्या खांद्याला दोन टोकं असतात, एक लांब, एक आखूड. बाबा तिथे थांबले.

"शिंगं सारखी नाईत."

"तशीच डिझाइन आहे काका," दुकानदार म्हणाला.

"असंल. पण एक शिंग वाकडं असलं की जनावर डोक्यानं तिरसट निघतं." मग दांडीला हात लावून, "ही शेपटीची. आणि ती?"

"तिला नसते."

"म्हंजी बांडी." तुटक्या शेपटीच्या बैलाला बांडा म्हणतात. "बांडं जनावर आमी घेत नाय. माश्या कशानं वारायच्या?"

आमच्याबरोबर आलेला भाऊ बाहेर जाऊन हसला. मला मात्र ती बांडी आवडली होती. बघताक्षणी आवडली. मांडीवर घेतली तर वाटलं, कोणीतरी आधी पुष्कळ वाजवून माझ्यासाठी मऊ करून ठेवलीय. पण भाऊ आत आला आणि म्हणाला, "ताई, नवीकोरी वस्तू जुनी दिसायला घ्यायची? मंग घरी चल ना. आपल्याकडचं सगळंच तसलं हाय."

मला एकदम माझं शिक्षण आठवलं. मी म्हटलं, "छे! पिवळी पडलेली वस्तू घ्यायला मी काय अडाणी आहे?" आणि पांढरी शेपटीची पसंत केली. एकदा ग्रॅज्युएट माणूस चारचौघांत बोलला की बोलला.

पैसे द्यायच्या आधी बाबांनी आणखी एक घोळ घातला. "आमी बैल घेतो तवा आठ दिस खुंट्याला बांधून बघतो. चारा खातो का, लाथ मारतो का. नाय पटला तर परत."

मी जमिनीत जायच्या बेतात होते, पण दुकानदार खुशीत आला. म्हणाला, "चला काका, तुमच्यासाठी आठ दिवस. नाही पटली तर ही आणा आणि पिवळी घेऊन जा. अट एकच. ओरखडा नको, डाग नको. नेलीत तशीच आणायची."

आता हे फार वाईट झालं. निकाल लागला असता तर मी गप्प बसले असते. पण बदलायची सोय आहे म्हटल्यावर मला पिवळीच दिसायला लागली. रजा टाकून गावी आले, पांढरी आईच्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि मोबाइलवर पिवळीचा फोटो बघत बसले. वाजवताना हात साबणाने धुऊन घ्यायची. अंगठी काढायची. पाहुण्यांची पोरं जवळ आली की "हात लावू नका रे" म्हणून ओरडायची. हळद सहाव्या दिवशी होती, लग्न सातव्या. मनात ठरवलं, हळदीला हिच्यावर वाजवायचं आणि लग्न उरकलं की आठव्या दिवशी गुपचूप कल्याण गाठायचं. भावाला सांगायचं, आवाजात फॉल्ट होता.

वाजवण्याचीही एक मजा होती. त्या दांडीने सूर डुलवला की बाबा ओट्यावरून म्हणायचे, "बघ, शेपूट हलवतंय. खूश हाय."

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडवात गर्दी झाली. मी न्हाणीत केस धूत होते. बाहेर आत्या जात्यावर बसून गाणी म्हणत होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण आणि गावची धवलारीण. लग्नात देवाधर्माची गाणी म्हणून विधी चालवणारी. तिच्या शब्दाशिवाय आमच्याकडे नवरदेवही पाटावर बसत नाही. आणि आमच्याकडची रीत अशी, की मांडवात ज्याचं काम पडणार त्याला आधी हळद लागते. मुसळाला लागते, जात्याला लागते, मांडवाच्या मेढीला लागते. ढोलाला लागते, बँजोलाही लागते. ही रीत मला जन्मापासून माहीत. ती गिटारीलाही लागेल, हे मात्र डोक्यात आलं नाही.

केस पुसत बाहेर आले तर पाच सवाष्णी गोल करून बसलेल्या. मध्ये पाट. पाटावर तांदूळ. तांदळावर माझी गिटार, लुगडं सोडलेली, नवरीसारखी आडवी. एकेक बाई तेलात कालवलेल्या हळदीत पाची बोटं बुडवून तिच्या अंगाला लावत होती. आत्या गात होती.

"आत्या! काय केलंस गो हे!"

"काय केलं? मांडवात जो वाजल त्याला हळद. ढोलाला लावली, बँजोला लावली. तुझ्या पोरीला काय उपाशी ठेवू?"

"अगो, ती परत द्यायची होती! पांढरीच्या पांढरी!"

मागून भावाचा आवाज आला, "परत? का गो ताई?"

मुंडावळ्या बांधलेला, अंगभर हळद माखलेला तो त्याच्या पाटावरून माझ्याकडे बघत होता. आता आवाजात फॉल्ट होता म्हणायचं, तर आत्ताच कोणीतरी एक तार छेडली होती आणि ती स्पीकर नसतानाही स्वच्छ वाजली होती. मी म्हटलं, "मला ती पिवळी पायजे होती. पयल्यापासून."

"मंग बोलली का नाय?"

"तू हसला असतास."

"ते तर आता पण हसतोय," म्हणाला आणि खरंच हसला.

बाबांना वाटलं, अजून वेळ गेली नाही. त्यांनी गिटार उचलली आणि गोठ्याकडे नेली. मी मागे धावेपर्यंत त्यांनी पेंढ्याचा बोळा केला होता आणि बैल धुताना घासतात तशी ती घासायला घेतली होती. खांद्यापासून बुडापर्यंत, केसाच्या दिशेने. बिनचकाकीच्या रंगात तेल-हळद आधीच मुरलेली. पेंढ्याने ती निघाली नाही, सगळीकडे सारखी पसरली. कडांना मात्र बोळा जोरात लागला आणि तिथला रंग झिजून खालचं लाकूड डोकावायला लागलं.

"बाबा, थांबा!"

"थांबतो. पण जात नाय," बाबा म्हणाले. ते जरा ओशाळले होते. "कातडीतच उतरलीय."

मी मोबाइल काढला. फोटोतली पिवळी बघितली, मग हातातली. पुन्हा फोटो. कढवलेलं लोणी. झिजलेल्या कडा. आत्या माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "ही तुझीच ना? मंग कल्याणला कशाला फोटो काढायला नेली होती?"

हात साबणाने धुतले नाहीत, अंगठी काढली नाही, तशीच गळ्यात अडकवली आणि बँजो पार्टीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वाजवलं म्हणजे काय, ढोल-ताशात माझा आवाज पहिल्या रांगेलाच पोचला असेल. पण दांडी भरपूर दाबली. पोरं येऊन गिटारीला हात लावून गेली, हळदीचे, वड्याच्या तेलाचे. लावू दिले.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघायच्या गडबडीत दुकानदाराला फोन केला, की गिटार ठेवून घेतेय. पुरावा म्हणून फोटोही धाडला. दोनच मिनिटांत त्याचा फोन.

"मॅडम, घोटाळा झाला वाटतं. तुमच्याकडे पिवळी आलीय."

"नाही, पांढरीच होती."

"अहो, मला दिसतेय ना. एकदम ओरिजिनल शेड आहे." मग बहुतेक फोटो मोठा करून बघत असावा. "पण हिला दांडी कशी? पिवळी दांडीवाली तर येतच नाही."

ओट्यावर आत्या उरलेली हळद डब्यात भरत होती. बाबा बैलांना चारा टाकत होते.

"आमच्याकडे येते," मी म्हटलं.