रवींद्र दाभाडे यांची त्रेचाळीस कलमं

रवींद्र दाभाडे यांनी गुरुवारी दुपारी पत्रावर सही केली आणि तेव्हापासून त्यांना चैन पडेना. पत्र एका वाक्याचं होतं: रद्द होणाऱ्या त्रेचाळीस कलमांवर दुसरा कुठलाही कायदा अवलंबून नाही.

इथे अमेरिकेत, आमच्या राज्यात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी विजेचा घाऊक बाजार उघडला होता. वीज बनवणाऱ्यांनी तिथे विकायची, घरोघर पोचवणाऱ्या कंपन्यांनी तिथून घ्यायची. तीनेक वर्षांत भाव भडकले, शहरांत अंधार झाला आणि बाजार बंद पडला. त्याचे कायदे मात्र पुस्तकात तसेच राहिले. ते काढून टाकायचं विधेयक आता आलं होतं. रवींद्र विधिमंडळाच्या मसुदा कार्यालयात एकोणतीस वर्षं काम करत होते आणि जूनमध्ये निवृत्त होणार होते. हे त्यांचं शेवटचं विधेयक. मी त्याच इमारतीत हिशेब विभागात आहे, त्यामुळे आमचं येणं-जाणं एकाच गाडीने. शुक्रवारी परत येताना मी गाडी चालवत होतो. हायवेवरून उतरायचा माझा एक्झिट चुकला, तोही त्यांना कळला नाही.

जुन्या काळी त्या कार्यालयात एक रीत होती. एकाने मूळ कायदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून ऐकायचं. स्वल्पविराम, अर्धविरामसुद्धा उच्चारायचे. कॉम्प्युटर आल्यावर ती बंद झाली. कलमाचा आकडा टाकला की तो जिथे जिथे आहे ते सगळं समोर येतं. रवींद्रनी त्रेचाळीसही आकडे टाकून पाहिले होते. काही सापडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांनी घरी बायकोला, म्हणजे संध्यावहिनींना, वाचायला बसवलं.

"लोक शनिवारी कॉस्टकोला खरेदीला जातात," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे स्वल्पविराम."

"तू वाच ना. हे संपलं की शेजारचं प्रकरणही वाच."

शेजारचं प्रकरण सवलतीचं होतं. ज्या घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा डायलिसिस चालतं, त्या घराला दर कमी, आणि आधी कळवल्याशिवाय त्याची वीज तोडायची नाही. वाचता वाचता वहिनी थांबल्या.

"ही सवलत घरगुती ग्राहकाला. घरगुती ग्राहक म्हणजे कोण?"

"व्याख्या असेल वर."

"नाहीये. 'आधीच्या प्रकरणातल्या व्याख्येप्रमाणे' एवढंच लिहिलंय. आधीचं प्रकरण म्हणजे तू काढून टाकतोयस तेच ना?"

रवींद्र उठून उभे राहिले. ओळीत कलमाचा आकडाच नव्हता, म्हणून कॉम्प्युटरला ती दिसली नव्हती. खालच्या नोंदीवरून त्यांना मसुदा आठवला. तो त्यांचाच होता, बाजार जोरात असतानाचा. दहा ओळींची व्याख्या पुन्हा लिहिण्याऐवजी घाईत त्यांनी वरच्या प्रकरणाकडे बोट दाखवलं होतं. ते प्रकरण कधी जाईल असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं.

व्याख्या गेली की सवलत कोणाला, हे कायद्यात कुठेच उरणार नव्हतं. वीजकंपनीने नाही म्हटलं, तर यंत्रावरच्या माणसाकडे दाखवायला काही नव्हतं. आणि विधेयक मंगळवारी, चर्चा न करता मंजूर करायच्या यादीत होतं.

"अनिकाला फोन कर," वहिनी म्हणाल्या.

"सोमवारी सांगतो. आधी नीट बघतो."

"काय बघायचंय? मी आत्ता वाचलं की."

"सही केलीय गं मी."

"मग चुकली म्हणून सांग. तुझ्या सहीवर कोणाचं यंत्र चालत नाही."

अनिका त्यांची साहेब. चौतीस वर्षांची, मित्राची मुलगी. ऑफिसात ती त्यांना रवी म्हणते, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत काका. रवींद्र गराजमध्ये गेले, परत आले. लॉन कापायला घेतलं, अर्ध्यावर सोडलं. चार वाजता त्यांनी फोन लावला.

"काका, तुम्ही सर्टिफाय केलंय!" अनिका म्हणाली. "विधेयक मांडणाऱ्या मेंबरच्या ऑफिसला मी काय सांगू?"

"यादीतून काढायला सांग."

"कोणाची मिस्टेक म्हणून?"

"माझी. तेव्हाचीही आणि गुरुवारचीही."

मग ती म्हणाली, "दॅट्स नॉट गुड, रवी."

मंगळवारी मी समितीच्या खोलीत मागच्या रांगेत बसलो होतो. विधेयक यादीतून निघालं. व्याख्या सवलतीच्या कायद्यातच उतरवून घ्यायची दुरुस्ती झाली. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "आकडा न घालता लिहिलेल्या अशा आणखी किती ओळी आहेत?"

"माहीत नाही," रवींद्र म्हणाले. "त्या काळात मी एकशे सत्तर मसुदे केले. सगळे वाचावे लागतील."

"कोण वाचणार?"

अनिकाने त्यांच्याकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले.

जून गेला. निवृत्तीचा अर्ज त्यांनी मागे घेतला. आतापर्यंत साठ मसुदे वाचून झाले आणि आणखी दोन ओळी सापडल्या, त्यातली एक शाळेच्या बसबद्दलची आहे. उरलेले एकशे दहा संपेपर्यंत हा माणूस घरी बसणार नाही, असं संध्यावहिनी म्हणतात.