धाकूदादांचा जबाब

धाकूदादा कुणालाही जवळ जाऊन बोलवत नसत. देवानं तोंड दिलंय तर पाय कशाला झिजवायचे, असा त्यांचा सरळ हिशेब. धरणाच्या बांधावर उभे राहायचे, दोन्ही तळवे तोंडाशी धरायचे आणि तलावापलीकडच्या वाडीतल्या बायकोला हाक मारायचे, "गोऽऽ, भाकरी घेवन ये गोऽऽ!" ती हाक पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठाला पोचायची आणि तिकडून बारीक आवाजात उत्तरही यायचं. मी हजर झालो त्या दिवशी माझ्या कानाशीच त्यांनी अशी एक हाक ठोकली. माझ्या हातातली फाईल पडली. त्यांनी ती उचलून दिली आणि म्हणाले, "घाबरलात काय सायेब? मी हळूच बोललो."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापूरकडचा. आंबा घाट उतरून, हातखंब्याला एसटी बदलून त्या आडगावच्या धरणावर कारकून म्हणून गेलो, तेव्हा मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. धाकूदादा तिथले चौकीदार. पन्नाशीचे, काटकुळे, डोक्याला कायम पंचा. धरणात त्यांचं भाताचं शेत बुडालं होतं आणि त्याच पाण्याची राखण करायची नोकरी त्यांना मिळाली होती. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाले, "वाईट वाटून काय करू? शेत हाय तिथंच हाय. फक्त ओलं झालंय." आणि स्वतःच खो खो हसले.

माझ्या बोलण्याची ते यथेच्छ टिंगल करायचे. "सायेब, तुमी बोलताव की भांडताव?" मी चिडायचो. पण दोन वर्षांत त्यांनी मला पार बाटवला. 'म्हणालो'च्या जागी मी 'बोललो' म्हणायला लागलो. सुट्टीला घरी गेलो तर आई म्हणाली, "आता एवढी बायको तिकडची आणू नकोस, म्हणजे झालं." धाकूदादांना हे सांगितलं तर त्यांनी अख्ख्या वाडीत सांगून टाकलं.

तलावाच्या दक्षिणेला जांभ्या दगडाचा उंच कडा होता. त्याच्या पोटात छान सावली पडायची आणि समोर निळं पाणी. गणपतीपुळ्याला आलेली मंडळी कुणाकडून तरी ऐकून तिथे डबे खायला यायला लागली. जायला कड्याच्या बुडाशी चिकटून एक पायवाट, आणि दुसऱ्या अंगाला पऱ्या. पऱ्या म्हणजे ओढा. बघा, आजही लिहिताना आधी तोच शब्द हाताला आला. पावसाचे चार महिने त्याला पाणी असतं, मग नुसते गोटे उरतात.

त्या कड्याचा धाकूदादांना मनापासून राग होता. "हा दगड वरनं निबर दिसतो, पन पाऊस सगळा आत घेतो. खालची माती वाहून जाते. मग हा टांगलेला रवतो. असा कवापर्यंत रवणार तो?" कुणी सावलीला बसलेलं दिसलं की इकडून हाक जायची, "वो पावणेऽऽ, हितनं उठा! तिकडं झाडाखाली बसा!" लोक वैतागून उठायचे. एका बाईंनी तर त्यांची माझ्याकडे लेखी तक्रार केली होती, की चौकीदार उर्मट आहे. मी ती त्यांना वाचून दाखवली. "उर्मट तर उर्मट," ते म्हणाले, "बाय चालत घरी गेली ना?"

दिवाळीनंतरचा रविवार होता. सकाळी एक गाडी आली, वीसेक माणसं. एका कारखान्यातले कामगार, बायकापोरांसकट, आणि बोलणं कानावर पडताच माझे कान टवकारले. माझ्याच मुलखातली! दोन वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. एका वहिनींनी माझ्या ओंजळीत भडंग ओतलं. "खावा की भाऊजी, लाजताय काय!" मी त्यांना कड्याखाली बसू नका म्हणून सांगितलं, ते हो हो म्हणाले आणि झाडाखाली सतरंज्या टाकून बसले. मग मी धाकूदादांना घेऊन होडीतून पाण्याची पातळी बघायला गेलो.

परत येताना ऊन चढलं होतं. झाडाची सावली सरकली असणार, कारण सगळ्यांनी सतरंज्या उचलून कड्याच्या पोटात नेल्या होत्या. धाकूदादा वल्हं मारता मारता थांबले. मला काही दिसलं नाही. त्यांना दिसलं. कड्याच्या पायवाटेकडच्या बाजूनं लाल धूळ गळत होती आणि बारके खडे पाण्यात पडत होते, डुबुक, डुबुक. ते होडीत ताडकन उभे राहिले, होडी कलली, आणि त्यांनी हाक दिली. "पऱ्यात पळाऽऽ! पऱ्यात! पऱ्यात जावाऽऽ!"

काठावरची माणसं वळली. हाक त्यांना व्यवस्थित पोचली होती. एकानं कानाला हात लावून विचारलं, "काऽऽय?"

"पऱ्याऽऽत!"

आणि वहिनी हसल्या. पाण्यावरून ते हसू स्वच्छ ऐकू आलं. "अगं बाई, पऱ्या म्हणे! कुठं हायत पऱ्या?" दोघीतिघी आणखी हसल्या. मी काय करत होतो? मीही उभा राहिलो होतो. मीही बोंबलत होतो. "पऱ्यात! अवो पऱ्यात पळा!" कोल्हापूरच्या माणसांना कोल्हापूरचा माणूस ओरडून सांगत होता आणि आईच्या दुधाबरोबरचा शब्द माझ्या तोंडात आलाच नाही. आठवलाच नाही हो!

मग वरून टोपलीएवढा एक दगड सुटला आणि सतरंजीशेजारी आपटला. आता ती खरोखर घाबरली. घाबरलेलं माणूस आल्या वाटेनं पळतं. ती पायवाटेकडे पळाली. पुढचं मी सांगणार नाही. कड्याचा तेवढा भाग एकदम खाली बसला. आवाजापाठोपाठ लाट आली आणि आमची होडी बुडता बुडता वाचली. धूळ खाली बसली तेव्हा पायवाट नव्हती. चार माणसं गेली. भडंग देणाऱ्या वहिनी त्यांत होत्या. जी पाच-सहा पोरं आधीच पऱ्याच्या गोट्यांत खेळायला गेली होती, त्यांना खरचटलंसुद्धा नाही.

वाडीतली माणसं पहारी घेऊन धावली. धाकूदादांच्या बोटांची नखं निघाली तरी ते दगड उपसत होते. दुपारी त्या वहिनींचा नवरा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. भांडायला नाही. अगदी शांतपणे त्यानं विचारलं, "मामा, तुम्ही काय ओरडत होता? आम्हाला कळलं नाही."

धाकूदादा माझ्याकडे वळले. "सायेब, तुमच्यात पऱ्याला काय बोलतात?"

"ओढा," मी म्हणालो.

"ओढा," त्यांनी तोंडात घोळवून बघितला. "इतकाच?"

"इतकाच."

त्यांची बायको आली, पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही.

आठवड्यानं चौकशी लागली. चौकशीला आलेल्या साहेबांना एकच गोष्ट हवी होती, चौकीदारानं इशारा दिला होता की नव्हता. जबाब लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. धाकूदादा बाकावर न बसता जमिनीवर बसले. सगळं क्रमानं बोलले, मी लिहीत गेलो. मग पद्धतीप्रमाणे वाचून दाखवलं. "...धोका ओळखून मी मोठ्याने 'ओढ्यात पळा, ओढ्यात पळा' असे वारंवार ओरडलो, परंतु..."

"थांबा," ते म्हणाले. "असं मी बोललो नाय."

"दादा, लिहिताना असंच लिहितात. अर्थ एकच."

"अर्थ एकच असता तर ती माणसं मेली कशाला?"

मी पेन खाली ठेवलं. हळू आवाजात समजावलं, की ओढा राहू दे, त्यानं तुमचं रक्षण होतं. पऱ्या लिहिलं तर साहेब विचारतील, बाहेरच्यांना कळेल असं का नाही बोललात? नोकरी जाईल.

"जावंदे," ते म्हणाले. "त्या बायचा नवरा कधी ह्यो कागद वाचील. त्याला वाटंल, आपल्याला सरळ सांगितलं व्हतं आनि आपली बायको खुळी, हसत बसली. ती खुळी नव्हती, सायेब. खोडा ते."

मी खोडलं. वर 'पऱ्यात' लिहिलं. त्यांनी माझ्याकडून ती अक्षरं ओळखून घेतली, त्यावर बोट टेकवून खात्री केली, आणि मग अंगठा उमटवला. महिनाभरानं त्यांची नोकरी गेली. पुढे दोन पावसाळे काढून तेही गेले. माझी तोवर बदली झाली होती, मला कळलंही उशिरा.

त्या दिवशी जबाब देऊन जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं होतं, "तुमी पन पऱ्याच बोलला व्हतात ना? तुमच्या जबाबात बराबर लिवलंत ना?"

मी "हो" म्हणालो. माझा जबाब मी आदल्या दिवशीच सही करून साहेबांकडे दिला होता. त्यात ओढा आहे.