माझ्या कागदावरचे तीन आकडे

सुडोकू मला माझ्या मैत्रिणीनं शिकवलं आणि त्यातच मला फसवलंही तिनंच.

आम्ही दोघी परंदवडीच्या. तिच्या घरची गावात मोठी शेती. आमचं घर बौद्धांचं, वडील कारखान्यात. शाळेपासून कुणी ना कुणी मला ऐकवत आलंय, "तुमचं बरंय बाई, तुम्हाला सवलत." म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं तेच मुळी या शब्दावर: सवलत नव्हे, हक्क. वडगावच्या बाजारात ते वाटताना ती माझ्या शेजारी उभी होती. एका गृहस्थांनी पत्रक चुरगळून फेकलं, तर हिनं उचललं, सरळ केलं आणि परत त्यांच्या हातात दिलं. "आधी वाचा काका, मग फेका." अशी ती. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

वडगावच्या अभ्यासिकेत आम्ही पाचजण रविवारी जमायचो. साधं सुडोकू सगळ्यांना यायचं. ती वेगळ्या नियमांची कोडी घरून छापून आणायची. चौकटींवरून एक राखाडी थर्मामीटर वळणं घेत जातो; गोळ्यापासून टोकापर्यंत आकडे वाढतच गेले पाहिजेत. कुठे पिंजरा असतो, आतल्या आकड्यांची बेरीज कोपऱ्यात दिलेली. तिला सोडून आम्ही सगळे नवखे. तरी कागद घरी नेला की पहिलं माझंच सुटायचं. मी ग्रुपवर टाकायची, "झालं!" फोटो टाकायचा नाही, उत्तर फुटतं, हा तिचा नियम. खोटं कशाला बोलू, लय माज आला होता मला. माझा कागद ती नेहमी घडी घालून वेगळा द्यायची. मला वाटायचं, मैत्रीण आहे म्हणून.

मग एका रविवारी आम्ही लोहगडावर गेलो. उतरल्यावर लोहगडवाडीत एका मावशींच्या टपरीत पिठलं-भाकरी सांगितली. ती हात धुवायला गेली आणि बँकेत काम करणाऱ्या आमच्यातल्या एकानं तिच्या पिशवीतले कागद काढून वाटून टाकले.

"माझ्यात तीन आकडे दिलेत की," तो म्हणाला. "तुमच्यात?"

कुणाच्यातच नव्हते. माझीही चौकट कोरी. नुसता एक लांबलचक थर्मामीटर आणि पिंजरे.

ती जीन्सला हात पुसत आली आणि थबकली. "तो... तो हिचा आहे."

"अच्छा, मॅडमचा कोटा वेगळा होय!" तो हसला. एकटाच हसला.

मी तिला विचारलं, "दर वेळी?"

"अगं, तू नवीन होतीस. कंटाळून सोडशील असं वाटलं."

"आणि हे तिघं काय आईच्या पोटातून शिकून आले होते?"



मावशी ताटं घेऊन उभ्या. "पोरींनो, आदी जेवा, मंग भांडा. पिठलं निवलं तर मी न्हाई परत गरम करनार."

मी जेवले नाही. कोरा कागद पुढ्यात ओढला. थर्मामीटरच्या चौकटी मोजल्या. नऊ. आकडे नऊच, आणि वाढतच जायला हवेत. मग विचार कसला करायचा? एक, दोन, तीन, थेट नऊपर्यंत. एकही आकडा दिलेला नसताना नऊ चौकटी माझ्या भरल्या. मग बँकवाल्याच्या हातातला माझा कागद पाहिला. त्याच थर्मामीटरच्या बरोबर मध्यावर तिनं पाच छापून ठेवला होता.

मी दोन्ही कागद तिच्यासमोर धरले. "हे मला दिसलं नसतं, असं वाटलं तुला?"

तिनं दोन्ही कागद पाहिले. मग म्हणाली, "हो. वाटलं."

खोटं बोलली असती तर मी भांडले असते. यावर कुठलं पत्रक काढू? बाजारात माझ्या शेजारी उभं राहताना तिच्या मनात काय होतं, हे मला आता कळलं होतं.

तिचं बोट एका पिंजऱ्याकडे सरकलं. "पुढं इथून बघ..."

मी कागदावर हात ठेवला. "काढ बोट."

ते कोडं माझं अजून अडलेलं आहे. तिला विचारलेलं नाही.