ओवाळणीतली वही

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला तर नाहीच—आणि पहिल्यांदा तिलाच सांगायला हवं होतं. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगी फोनवर विचारते, बाबा, दिवसभर काय करता? वाचतो, म्हणतो. खरं तर समोर एक काळी वही घेऊन बसलेला असतो. तीही वाचत नाही. उघडतो आणि मिटतो.

तुम्हालाच का सांगतोय? सांगताना तुमचं तोंड बघावं लागणार नाही म्हणून. हाही भित्रेपणाच. पण आता दुसरं काही जमेल असं वाटत नाही.

घर कर्जतला, नोकरी खोपोलीला. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो. इंग्लंडमधल्या एका कंपनीशी आमचा करार होता. नकाशे तिकडे बनायचे, आम्ही त्यांवरून माल काढायचो. सत्तरचं दशक संपता संपता वारं फिरलं. तिकडच्या एका ड्राफ्ट्समनच्या पगारात इथे सातआठ जण बसतात आणि त्यांच्या रेघाही तितक्याच सरळ येतात, हे तिकडच्या मालकांच्या ध्यानात आलं. आधी ट्रेसिंग आमच्याकडे आलं, मग लहानसहान भागांचे नकाशे. आज या प्रकाराला मोठमोठी नावं आहेत. आम्ही नुसतं ‘तिकडचं काम’ म्हणायचो—आणि ते मिळतं याचा आम्हाला अभिमान होता.

पुढे सगळंच काम इकडे आणायचं ठरलं, तेव्हा आम्हाला शिकवायला तिकडून एक माणूस आला. वॉल्टर. पन्नाशी ओलांडलेला, हडकुळा, बोटांना कायम शिसपेन्सिलीची काजळी. साहेब म्हटलेलं त्याला चालायचं नाही. तो चार महिने आमच्याबरोबर उभा राहून शिकवत होता, आणि काही हातचं राखून शिकवत नव्हता.

फक्त एक गोष्ट सोडून. त्याच्या कोटाच्या खिशात एक काळी वही असायची. कुठल्या मापाचा पंप कुठे तडकतो, ओतकामात किती जागा सोडावी, नकाशात एक लिहिलं असलं तरी बसवताना काय करावं लागतं—तीस वर्षांत जे जे चुकलं आणि सुधारलं, ते सगळं त्यात होतं. आमच्या मॅनेजरांनी ती मागितली. वॉल्टर हसून म्हणाला, कंपनीचं जे आहे ते सगळं देतोय; ही माझी आहे.

त्याच आठवड्यात मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तिकडचं ड्रॉइंग ऑफिस मार्चमध्ये बंद होतंय. मी विचारलं, वॉल्टरला माहीत आहे? ते म्हणाले, “शिकवून झालं की कळेल. आधी कळलं तर हात आखडेल. रविवारी तो तुमच्याकडेच जेवतो ना? मग वहीचं तुम्हीच बघा.” चीफ ड्राफ्ट्समनची जागा भरायची आहे, हेही जाता जाता म्हणाले.

मी ‘बरं’ म्हणालो.

तो रविवारी आमच्याकडे जेवायचा, हे खरं होतं. खोपोलीहून सकाळच्या गाडीने यायचा. माझी बायको शेवंता कळंबची, कुणब्याची पोर, अक्षरओळख जेमतेम. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. तरी दोघांचं जमलं. ती त्याला भाकरी थापायला बसवायची आणि त्याची भाकरी फाटली की म्हणायची, “इतका शिकलेला मानूस, पन गोल नाय जमत.” मी ते इंग्रजीत सांगायचो, तो हसायचा, आणि त्याचं उत्तर मी मराठीत सांगायचो. दोघांच्या मध्ये बोलणारा मीच होतो. हे ध्यानात ठेवा.

शेवंताला भाऊ नव्हता. एकच होता, तो लहानपणी तापाने गेला. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी ती ओवाळायची. बीजेचा चंद्र तो—कोर दिसते न दिसते तोच डोंगराआड जाते. ती तिन्हीसांजेपासून ताट घेऊन अंगणात उभी राहायची. त्या वर्षी दिवाळीच्या आधीच तिने मला बजावलं, यंदा वॉल्टरभाऊला बोलवा.

तिकडचं ऑफिस बंद होणार, हे त्याला मी आधी सांगू शकलो असतो का? एकदा तर शब्द ओठांवर आला होता. दिवाळीपूर्वीच्या रविवारी आम्ही कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी बघायला चढलो. दगडात कोरलेल्या कमानी तो बोटांनी चाचपत होता. म्हणाला, हे सगळं लाकडाचं काम आहे, दगडात उतरवलेलं. सुतारांनीच पाथरवटांना शिकवलं असणार. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मग त्या सुतारांचं काय झालं?”

सहज विचारलं त्याने. की सहज नव्हतं? मी म्हणालो, माहीत नाही. आणि पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारलं, बहिणीला काय द्यायचं असतं? मी काय सांगायला हवं होतं? साडी, पैसे, नाहीतर साधी सुपारीही चालते—आमच्याकडचं पोरही हे सांगेल. मी सांगितलं, भाऊ आपल्या कामातली, रोज जवळ बाळगतो अशी वस्तू ताटात घालतो. जितकी जवळची, तितका मान मोठा.

असा रिवाज कुठेही नाही. तो मी खुर्चीवरून उठता उठता तयार केला.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात आधी चंद्राला ओवाळलं, मग घरात येऊन पाटावर बसलेल्या वॉल्टरला. कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी नाही म्हणून माझा रुमाल. त्याने कोटात हात घातला, जरा थांबला, आणि वही ताटात ठेवली. निरांजनाशेजारी.

शेवंताने रीतीप्रमाणे वहीला कुंकू लावलं. मग उघडून बघितली. त्यातलं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे आणि बारीक बारीक चित्रं तिला कळली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ही नको. ह्याच्यावर त्याचं पोट हाय. त्याला सांगा, सुपारी घाल, नायतर नुसता हात लाव ताटाला.”

वॉल्टरने विचारलं, काय म्हणते?

मी त्याच्याकडे बघून सांगितलं, “म्हणते, जिवापाड जपीन.”

त्याचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपण परत करतोय म्हणून त्याला वाईट वाटलं. ती मला हळूच म्हणाली, आता त्याच्या देखत नको, उद्या कामावर गेलात की द्या. मी म्हणालो, देतो.

वही ऑफिसातल्या तिघांनी मिळून, वॉल्टरच्या नकळत, तीन दिवसांत उतरवून काढली. पुढच्या आठवड्यात वॉल्टर निघाला. जाण्याआधी त्याला बहिणीला भेटायचं होतं. ती कळंबला गेलीय, असं मी सांगितलं. ती घरात त्याच्यासाठी अनारसे बांधत होती.

मी चीफ ड्राफ्ट्समन झालो. त्या उतरवलेल्या वहीला ऑफिसात माझ्या आडनावाने ओळखू लागले. निवृत्त झालो त्या दिवशी भाषणात सांगितलं गेलं, की ही वही म्हणजे यांच्या आयुष्याची मेहनत. मी हार घालून ऐकत होतो. ती मेहनत वॉल्टरची. ऐकलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढं दुरुस्त करून घ्यावं.

मार्च उलटल्यावर त्याचं पत्र आलं होतं, कारखान्याच्या पत्त्यावर. ऑफिसला कुलूप लागलं. सगळे घरी बसले. या वयात ड्राफ्ट्समन म्हणून कुणी घेत नाही. एका गोदामात आलेली खोकी उतरवून घेण्याचं काम मिळालंय. आणि शेवटी—तुला माहीत होतं का? नसेल, तर नुसतं ‘नाही’ एवढं लिही, मला बरं वाटेल.

मी ‘नाही’ लिहिलं. खाली सही केली.

त्याला बरं वाटलं असावं. कारण पुढे दर दिवाळीला त्याचं कार्ड येत राहिलं, शेवंताच्या नावाने, पण कारखान्याच्याच पत्त्यावर. प्रत्येकात एक ओळ असायची: माझी वही ठेवली आहेस ना? ते कार्ड तिला दाखवायचं कसं? तिच्या हिशेबी वही तर मी कधीच परत केली होती. मी कार्डं ऑफिसच्या कपाटात टाकत गेलो, त्याच्या मूळ वहीखाली. अकरा आली. मग यायची थांबली. का थांबली, ते मी शोधलं नाही.

आणि शेवंता? ती पुन्हा चंद्राला ओवाळू लागली. दर भाऊबीजेला मी ताट धरून तिच्याशेजारी उभा असायचो. वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून हात आडवा धरायचो. ओवाळून झालं की ती लगेच घरात वळायची. फक्त शेवटच्या वर्षी, आजारी होती तेव्हा, कोर डोंगराआड गेल्यावर तिथेच पायरीवर बसली.

म्हणाली, “वॉल्टरभाऊनं एक पत्रसुदिक नाय धाडलं. वही परत दिली म्हनून रागावला असंल का वो?”

मी म्हणालो, “असेल.”