फाटकाच्या आतला ड्रायव्हर

आमच्या शेजारच्या जानरावनं उभी हयात डंपर चालवला, पण त्याच्या लायसनवर होती फक्त मोटरसायकल आणि हलकी गाडी. पोलाद कारखान्याच्या भट्टीतून निघालेला तापलेला स्लॅग, म्हणजे धातूचा वितळलेला मळ, ठेकेदाराच्या आवारात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेऊन ओतायचा, हे त्याचं काम. फाटकाच्या आत लायसन विचारतो कोण? बाहेर जड गाडीला ट्रान्सपोर्टचं लायसन लागायचं, त्याला आठवी पास हवी, आणि जानराव पाचवीतच शाळेतून उठलेला. ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक होतं. असा माणूस काम सोडून जाणार कुठे? मला त्या ठेकेदाराची अजून चीड येते.

दरवर्षी दसऱ्याला आम्ही वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. त्या रेटारेटीत रुक्मावहिनी नवऱ्याला चिडवायच्या, "एवढी मोठी गाडी चालवता, मले कधी बसवून नेलं का?" जानराव हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागायचं.

मग सरकारनं आठवीची अट काढली. पठ्ठ्यानं वस्तीत जाहीरच करून टाकलं, "यंदा रेल्वे नाही, नागपूरले भाड्याची बस करू अन् मीच ती नेतो!" मुलगी संघमित्रानं त्याला सगळं समजावलं. हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं असलं की जडचं मागता येतं, पण आधी डॉक्टरचा दाखला. वहिनींनी तर ड्रायव्हरच्या मागची सीट आधीच सांगून ठेवली.

दाखल्यापाशीच घोडं अडलं. डॉक्टर म्हणाले, आगीकडे बघून बघून उजव्या डोळ्याचा पडदा भाजलाय, जड गाडी विसरा.

"आगीकडं पाहूनच त गाडी चालवा लागे, भाऊ," जानराव मला म्हणाला. "मंग मी कुठं पाहाले पाहिजे होतं?"

शेवटी भाड्याच्या बसबरोबर मोनू नावाचा ड्रायव्हर आला. जानरावनंही डंपर चालवलाय, हे कळल्यावर त्यानं त्याला मानानं आपल्या शेजारी बसवलं. नागपूरच्या वाटेवरचं राजनांदगाव मागे पडल्यावर त्यानं विचारलं, "चाचा, आप तो पुराने ड्राइवर हो. आगे चाय अच्छी कहाँ मिलेगी?"

जानराव मागे वळून मला हळूच म्हणाला, "भाऊ, तूच सांग याले. मी त कधी गेटाच्या बाहेर गाडी नेलीच नाही."