धाकटीच्या बांगड्या

आमच्या गावच्या हुतात्म्याची खात्रीची माहिती दोन ओळींची. इंग्रजांच्या टेलिफोनच्या तारा तोडल्या, पकडला गेला आणि विसाव्या वर्षी तुरुंगात तापानं गेला. मी मराठीचा मास्तर, म्हणून स्मृतिदिनाचं भाषण माझ्या गळ्यात. पहिल्याच वर्षी प्रमुख पाहुणे नारायणगावात दुसऱ्या कार्यक्रमात अडकले आणि सरपंच समोरून हातानं खुणावत राहिले, "ओढा गुरुजी, अजून ओढा."

मी ओढलं. दोन ओळींची चाळीस मिनिटं केली. त्या भरात ठोकून दिलं, की पोलीस घेऊन निघाले तेव्हा तो धाकट्या बहिणीला म्हणाला, "रडू नको, ओझरच्या जत्रेतनं तुला बांगड्या आणीन." अख्खा मांडव डोळे पुसायला लागला. टाळ्यांची चटक वाईट. पुढची बारा वर्षं मी तो प्रसंग सोडला नाही, उलट पोलिसाच्याही डोळ्यांत पाणी आणलं.

यंदा शाळेनं ते वाक्य भिंतीवर रंगवायचं ठरवलं आणि माझी पाचावर धारण बसली. ती धाकटी बहीण अजून आहे, डिंगोऱ्याला लेकीकडे. आधी त्यांची माफी मागायची, मग शाळेला खरं सांगायचं, असं ठरवून निघालो. वाटेत कबुलीचंही भाषण तयार केलं. त्यातही दोन ठिकाणी टाळ्यांसाठी जागा सोडली होती.

त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, पण नजर तीक्ष्ण. मी घसा खाकरतोय तोवर त्याच बोलायला लागल्या.

"गुरुजी, दादाला नेला तवा मी तीन वर्षांची व्हते. त्याचं तोंडबी आठवत न्हाई. घरात फोटू न्हाई. आई त्याचं नाव काढलं की नुसती रडायची, सांगायची काय न्हाई. जाताना तो माझ्याशी बोलला व्हता, हे तुमच्या भाषणात पयल्यांदा कळलं. लई बरं वाटलं बघा."

मी त्यांच्या सुपातली एक शेंग उचलून फोडायला लागलो. माझी मलाच लाज वाटली.

"एक इचारू?" त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "कोणत्या रंगाच्या म्हणला व्हता?"

मी जमिनीकडे पाहिलं.

"हिरव्या."

"हां, हिरव्याच," त्या म्हणाल्या. "आता आठवलं."