करमाडच्या पारावर रडून घेतलेली पोर

"मला काय होत नाय," असं मनकर्णा कायम म्हणायची. ताप आला तरी, जेवण राहिलं तरी, वॉर्डातला माणूस तिच्या हातात गेला तरी.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. ती औरंगाबादला नर्सिंग शिकत होती. गंगापूरकडची, उसाच्या रानात वाढलेली पोर. हात चलाख, काम नेटकं, तोंड बंद. तिच्या खोलीत राहणारी दमयंती आमच्या करमाडची, जोशांची लेक. बरंचसं मला तिनं सांगितलं. पारावर घडलं ते मी स्वतः पाहिलं.

नर्सला खेड्यात जाऊन चार बायकांपुढं बोलावं लागतं. मनकर्णा उभी राहायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. बायका वाट बघायच्या आणि भाकरी टाकायच्या राहिल्यात म्हणत उठून जायच्या. शेवटी शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "या खेपेला बोलली नाहीस तर तुला पास करता येणार नाही. घरी जावं लागेल."

घरी चुलते होते. त्यांनी स्थळ बघून ठेवलं होतं.

"जायचंय का तुला घरी?" दमयंतीनं विचारलं.

"नाय."

एवढंच बोलली. पण त्या एका शब्दाला धरून दमयंतीनं तिला पोरींच्या नाटकमंडळात ओढलं. साप चावलेल्याला देवळात ठेवू नका, दवाखान्यात आणा, असं त्यांचं नाटक होतं. मनकर्णा आधी नुसती लुगड्यांच्या घड्या घालायची. मग मेलेल्या सुनेचं सोंग घ्यायला कोणी मिळेना. जी निजेल तिला हसू फुटायचं.

"मनीला निजवा. तिला काय होत नाय!" एकीनं टोमणा मारला. सगळ्या हसल्या. मनकर्णा निजली.

रोज तालमीत पडून पडून तिला सगळ्यांची वाक्यं पाठ झाली. कोणी अडखळलं की ती मिटल्या डोळ्यांनी पुढचा शब्द पुटपुटायची. "अगं बया, मढंच बोलायला लागलं!" पोरी म्हणायच्या. दमयंतीला वाटलं, ओठ तर हलले.

मग नाटक आमच्या गावी आलं. दिवस कलला होता, रानातून माणसं परतली होती. पारावर पांढरी चादर अंथरून मनकर्णाला निजवलं, तोच आमच्या गल्लीतली म्हातारी दगडाबाई उठली.

"थांबवा गं ते!"

"आजी, नाटक आहे," दमयंती म्हणाली.

"नाटक तुझं. पोर तर खरी हाय ना? जित्या जिवाला भर गावात मढं करून निजवलं, अन् रडायला कोणी नाय?"

आमच्याकडं एखाद्याच्या डोक्याला कावळा शिवला, की त्याच्या मरणाची खोटी बातमी नातलगांत धाडतात. ते रडून घेतात, मग खरं कळतं, आणि आलेलं मरण टळतं. दगडाबाईला तेच करायचं होतं. ती पारावर चढली, मागून चार बायका चढल्या. पण आमच्या बायका गेलेल्याचं नाव घेतल्याशिवाय रडत नाहीत.

"नाव काय गं तुझं?"

मढ्यानं डोळे उघडले. "मनकर्णा."

"बापाचं?"

"पुंजाराम. तो नाय आता."

"कशानं गेला?"

"पान लागलं. उसात साप डसला." ती उठून बसली. "मारुतीपुढं निजवला. कडुलिंबाचा पाला चारला. कडू लागतो का, इचारत होते. तो म्हणला, गोड लागतोय. म्हंजी इख चढलं होतं. मग बोलायचा थांबला."

बायकांनी हेल काढला, "पुंजारामाच्या लेकी गंऽ..." मनकर्णाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पावसाचा हिशेब सांगावा तशी ती सांगत होती.

खालून आमच्या गावच्या बद्रीनाथनं विचारलं, "जीपनं दवाखान्यात नेला असता तर वाचला असता का, बाई?"

"सांगता येत नाय. पण गंगापूरच्या दवाखान्याची जीप त्या दिवशी आमच्या दारावरून रिकामी गेली."

मग कोणी विचारलं, रस्त्यात काय करायचं. तिनं सांगितलं. चालवायचं नाय, चावलेला पाय हलू द्यायचा नाय, कापायचं नाय, मिळंल ती गाडी धरायची. कोणी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. उरलेलं नाटक झालंच नाही.

मोठ्या सिस्टर कडेला बसल्या होत्या. त्या जवळ आल्या. "पुढच्या गावात तूच बोलायचं. आणि घरी जायचं ते आता परीक्षा देऊनच."

"बरं," मनकर्णा म्हणाली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"रडलो आम्ही तुला," दगडाबाई तिची हनुवटी धरून म्हणाली. "तू बी रडशील कधीतरी. घाई नाय."

मनकर्णानं चादर झटकली, घडी करून काखेत घातली आणि परतीची गाडी थांबते त्या जालना रोडकडं एकटीच चालू लागली. दमयंती हाक मारणार होती, पण मारली नाही. पारावर बायका पदरानं नाक पुसत बसल्या होत्या, आणि वळणावरच्या बाभळींआड ती दिसेनाशी होईपर्यंत दगडाबाई कपाळावर हात धरून बघत होती.